सहकुटुंब नौकाविहाराची पूर्वतयारी

हिवाळा लागून भाताची कापणी आणि झोडणी उरकली, की पालघर तालुक्यातल्या आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुटुंबांना एखादा सुटीचा दिवस पाण्याकाठी घालवावा असे वाटू लागते, आणि या वाटण्यात गैर असे काहीच नाही. कारण पश्चिमेस चिंचणी, नांदगाव, शिरगाव, केळवे असा विस्तीर्ण किनारा आणि पूर्वेस डोंगरांच्या कुशीत देवखोप, वांद्री यांसारखी लहान धरणे व त्यांच्यापलीकडे सूर्या नदीवरचे धामणीचे मोठे धरण, अशी खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांची समृद्धी ज्या मुलखाला लाभली आहे, तेथील माणसाने पाण्याकडे पाठ फिरवून बसावे असे कोण म्हणेल? मात्र समुद्राचे जितके भय आपल्या मनात असते तितके तलावाचे नसते. समुद्र आपल्या गर्जनेने दुरूनच ताकीद देतो. तलाव निश्चल असतो, त्याचा पलीकडचा काठ डोळ्यांना दिसतो, कडेला म्हशी डुंबत असतात, आणि त्यामुळे त्यातल्या होडीत पाऊल ठेवणे हे घराच्या ओटीवर पाऊल ठेवण्याइतकेच मामुली कृत्य आहे अशी आपली समजूत होते. ही समजूत आमच्या कुटुंबाचीही होती. ती कशी दूर झाली हे प्रथम सांगतो, कारण पुढे ज्या सूचना करावयाच्या आहेत त्या सर्वांचे मूळ त्या एका दिवसात आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका रविवारी आम्ही अकरा माणसे बोईसरहून निघून एका तलावावर गेलो: काका-काकू, बहात्तर वर्षांच्या आत्या, दादा-वहिनी, धाकटी बहीण, जालन्याहून आलेले तिचे यजमान, मी आणि तीन मुले. काकांच्या परिचयाच्या एका गृहस्थाची सपाट तळाची लाकडी होडी त्या तलावात होती. ती चौदा फूट लांब व चार फूट रुंद असून एरवी तिच्यातून दोघेजण जाळे टाकायला जात. त्या गृहस्थांनी वल्ही हाती देताना स्पष्ट सांगितले होते, की पाच-पाच, सहा-सहा जणांनी दोन फेऱ्या करा, आणि मग ते आपल्या कामाला निघून गेले. पण एकत्र आलेल्या कुटुंबाने पाण्यावर जाताना दोन तुकडे व्हावे ही कल्पनाच आम्हांला सोसवेना. कोणाला मागे ठेवायचे? काका-काकूंना ठेवावे तर वडिलांचा अवमान, मुलांना ठेवावे तर ती रडणार, जावयांना ठेवण्याचा तर प्रश्नच नव्हता. सबब अकराच्या अकरा जण होडीत बसलो, आणि उकडहंडीचे मोठे पातेले मध्यभागी ठेवले.

बसलो असे म्हणतो, परंतु ते बसणेही सरळ घडले नाही. आत्यांचा एक पाय काठावर आणि एक होडीत असताना दादाने दोर सोडला, होडी काठापासून सरकू लागली, आणि आत्यांना सावरण्यासाठी आतले सर्वजण एकदम उठून उभे राहिले. त्या आत आल्या खऱ्या, पण होडीची कड पाण्याला टेकून घागरभर पाणीही त्यांच्यासोबत आत आले. पुढे दादाने एक वल्हे घेतले आणि मेहुण्यांनी दुसरे. दोघे समोरासमोर बसल्यामुळे एकाचे उजवे ते दुसऱ्याचे डावे झाले. नाळेवर बसलेले काका "डावीकडे घ्या, डावीकडे" असे सांगत, तेव्हा दोघेही आज्ञाधारकपणे आपापल्या डावीकडे घेत, आणि होडी जात्यासारखी जागच्या जागी फिरे. असे तीन-चार फेरे झाल्यावर, जावयाला वल्हे मारायला लावणे प्रशस्त नव्हे हे काकांच्या मनात आले आणि ते त्यांच्या हातचे वल्हे घेण्यासाठी उठले. काका उठले म्हणून जावई उठले. काका उभे असताना आपण बसून राहणे बरे दिसणार नाही म्हणून मीही उठलो. या आदरसत्कारात आणखी दोन बादल्या पाणी आत आले.

दुपारचे बारा वाजून गेले होते आणि पश्चिमेकडून वारा सुटला होता. आत्यांना ऊन लागू नये म्हणून वहिनींनी छत्री उघडली, तिचे शीड झाले, आणि होडी आपोआप तलावाच्या पूर्वेकडच्या अंगाला जलपर्णीच्या दाट गालिच्यात जाऊन रुतली. वल्हे त्या मुळ्यांत अडकले व दादाच्या हातून सुटले. आता येथेच जेवून घ्यावे असे ठरून काकूंनी पत्रावळी काढल्या. एवढ्यात जलपर्णीच्या कडेला उमललेली पांढरी कुमुदे मुलांना दिसली. तिन्ही मुले एकाच बाजूला वाकली, त्यांना धरायला वहिनी वाकल्या, वहिनींना धरायला बहीण वाकली आणि बहिणीला धरायला आम्ही उरलेले वाकलो. होडी उलटली नाही. ती एका कडेवरून शांतपणे भरत गेली आणि सावकाश खाली बसली. आमचा आक्रोश इतका मोठा होता, की पलीकडे गुरे राखणारा एक मुलगा धावत आला आणि काठावरून ओरडून सांगू लागला, "उभं राहा ना, कमरेएवढंच पाणी हाय!" आम्ही उभे राहिलो. पाणी खरोखरच कमरेएवढे होते. आत्या आपल्या फळीवर बसूनच होत्या आणि पातेले त्यांच्यासमोर तरंगत होते. चष्मा एक आणि मोबाईल दोन एवढे त्या चिखलात गेले. मुलाने आम्हांला एकेक करून काठाला नेले.

घरी पोहोचेपर्यंत आमचे हसणे थांबत नव्हते, आणि आजही आमच्याकडे लग्नकार्यात चार माणसे जमली की ही हकीकत कोणी तरी काढतोच. मला मात्र त्या मुलाने नंतर केलेली एक गोष्ट विसरता येत नाही. सुटलेले वल्हे काढण्यासाठी तो बांबू घेऊन पाण्यात उतरला आणि जेथे आमची होडी बसली होती तेथून सुमारे चाळीस पावलांवर त्याने तो बांबू उभा धरून खाली सोडला. बारा फुटांचा बांबू होता. त्याचा तळ लागला नाही. धरण बांधण्यापूर्वी तेथून ओढा वाहत होता आणि त्याचे पात्र पाण्याखाली तसेच आहे, असे तो सांगू लागला. वारा आणखी पाच मिनिटे उशिरा सुटता तर आम्ही त्या पात्रावर असतो, आणि अकरांपैकी पोहता येत होते ते फक्त दोघांना.

पुढे काही दिवसांनी सातपाटीच्या एका वृद्ध तांडेलांना मी ही सारी कैफियत सांगितली. त्यांचा उभा जन्म समुद्रावर गेलेला. ते हसले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्यात तांडेल कोण होता?" मी म्हणालो, कोणीच नाही, सगळी घरचीच माणसे होती. त्यावर ते म्हणाले, घरची होती म्हणूनच तांडेल हवा होता.

या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवशी आमच्या हातून जे जे चुकले ते उद्दामपणामुळे किंवा बेफिकिरीमुळे चुकले नव्हते. प्रत्येक चुकीच्या मुळाशी एकेक चांगला संस्कार होता. वडीलधारे माणूस आले की उठून उभे राहावे, पाहुण्याला कष्ट पडू देऊ नयेत, कोणालाही मागे ठेवू नये, एकाला ठेच लागली की दहांनी धावावे, आणि वडिलांनी काही सांगितले तर ते चूक आहे असे चारचौघांत म्हणू नये: ज्या रीतींवर आपली घरे उभी आहेत त्याच या रीती. जमिनीवर त्यांनी कोणाचे अकल्याण होत नाही, कारण जमीन आपल्या उठण्याबसण्याने कलत नाही. होडीला माणसाचे वय, नाते आणि मान ठाऊक नसतो. तिला वजन ठाऊक असते आणि ते वजन कोठे आहे हे ठाऊक असते. कोळ्यांच्या होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा असतो. त्याच्या हाताखालच्या खलाशांत वयाने त्याच्याहून वडील असलेला माणूसही असू शकतो, आणि बंदराला लागल्यावर तोच तांडेल कदाचित त्याच्या पाया पडेल. पण पाण्यावर असेपर्यंत अखत्यार एकाचाच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मरणांतून शिकून त्यांनी ही व्यवस्था घडवली आहे, आणि तलावावर चार तास घालवायला जाणाऱ्या कुटुंबाने ती जशीच्या तशी उचलावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तेव्हा घरातून निघण्यापूर्वी, डबे भरले जात असतानाच, आज तांडेल कोण हे ठरवा. तो वयाने मोठा असलाच पाहिजे असे नाही. त्याला पोहता येत असावे, होडी थोडीफार वल्हवता येत असावी, आणि नाही म्हणायची त्याला भीड वाटत नसावी. ही तिसरी योग्यता पहिल्या दोहोंपेक्षा दुर्मिळ आहे. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी या तिन्ही बाबतींत योग्य असेल तर ती तांडेल. घरातल्या ज्येष्ठांनी हे स्वतः जाहीर करावे, कारण त्यांनी आपण होऊन मुखत्यारी दिली म्हणजे इतरांना ती पाळण्यात संकोच राहत नाही. "आज पाण्यावर हिचा शब्द चालेल, माझासुद्धा नाही," एवढे एक वाक्य आजोबांनी उच्चारले तर त्याने जेवढा बंदोबस्त होतो तेवढा दहा सूचनाफलकांनी होत नाही. होडी भाड्याची असून तिच्यावर नावाडी असेल तर तांडेल तोच. मग आपल्यापैकी कोणी त्याला आणखी दोघांना घेण्याची गळ घालू नये, पैसे जास्त देऊ करून तर नाहीच नाही.

तांडेलाचे पहिले काम माणसे मोजण्याचे. किती माणसे बसू शकतील हे फळीवर जागा किती उरली यावरून ठरत नसून पाण्याबाहेर होडीची कड किती उरली यावरून ठरते. आमच्या त्या होडीचाच हिशेब पाहा. चौदा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी सपाट तळाची होडी, दोन्ही टोकांना थोडी निमुळती, म्हणजे पाण्यावर तिचा पसारा सुमारे चार चौरस मीटर होतो. साठ किलोचे एक माणूस बसले की तिला साठ लिटर पाणी बाजूला सारावे लागते, म्हणजेच ती दीड सेंटिमीटर आणखी खाली जाते. पाच माणसे जास्त बसवली तर साडेसात सेंटिमीटर, हाताची चार बोटे. पाणी शांत असताना ही चार बोटे कोणाच्या लक्षात येत नाहीत. होडी कलते तेव्हा मात्र तीच चार बोटे काठ आणि तळ यांमध्ये उभी असतात. यास्तव सर्वजण बसल्यावर होडीची सर्वांत खालची कड पाण्यापासून निदान वीतभर वर आहे ना हे तांडेलाने दोर सोडण्यापूर्वी हाताने मोजून पाहावे, आणि नसल्यास माणसे उतरवावी. दोन फेऱ्या केल्याने कुटुंब दुभंगत नाही. उलट काठावर उरलेल्या पाच जणांपैकी एकाचे लक्ष सतत होडीकडे असले, की ते आतल्या सहा जणांना मोठे संरक्षण होते.

आत शिरलेल्या पाण्याबद्दलही येथेच सांगितले पाहिजे, कारण तळाशी दोन बोटे पाणी साचले तर त्याने काय होणार असे आपण म्हणतो. त्याच होडीत पाच सेंटिमीटर पाणी साचले तर ते दोनशे लिटर होते. म्हणजे तीन धट्टीकट्टी माणसे न विचारता येऊन बसली. आणि ही माणसे स्थिर बसणारी नव्हेत. होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला ती धावत जातात आणि कलणे वाढवतात. म्हणून पाणी उपसण्यासाठी एक डबडे दोरीने फळीला बांधून ठेवावे व पहिल्या घागरीपासून उपसायला लागावे.

चढताना एका वेळी एकाच माणसाने चढावे, दोर पक्का बांधलेला असताना, खाली वाकून, पाऊल मध्यभागी ठेवून, आणि चढल्याबरोबर खाली बसावे. वृद्ध माणसांना मध्यभागी, शक्य तर तळाशी चटई घालून बसवावे. मानाची जागा म्हणून त्यांना टोकावर बसवू नये. एकदा बसल्यावर जागा बदलायची नाही, मग कोणाचा कितीही मान राखायचा असो. वल्हे मारणारा दमला तर आधी काठाला लागावे आणि तेथे अदलाबदल करावी. कोणी तोल गेल्यासारखा झाला तर त्याच्या शेजारच्या एकानेच त्याला धरावे. इतरांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून खाली बसून राहावे. आपल्या माणसाला पडताना पाहून न उठणे फार कठीण आहे हे मी स्वानुभवाने जाणतो. म्हणूनच ही गोष्ट काठावर असतानाच मुलांकडून आणि मोठ्यांकडूनही एकदा वदवून घ्यावी.

हे सारे बारीकसारीक नियम आहेत असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्याच जिल्ह्यातली एक घटना आठवावी. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली होडी उलटली आणि तीन विद्यार्थिनी बुडाल्या. छायाचित्रे काढण्याच्या उत्साहात मुले एका बाजूला गोळा झाली आणि तोल गेला, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. केरळात थेक्कडी येथे पेरियार जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची मोठी नौका उलटून ४५ माणसे गेली. तेथेही काठावरची जनावरे पाहण्यासाठी प्रवासी एकाच अंगाला सरकले होते. आमच्या मुलांनी कुमुदे पाहिली, तेथे प्रवाशांनी वन्य प्राणी पाहिले, डहाणूत मुलांनी एकमेकांचे चेहरे पाहिले. होडीच्या दृष्टीने या तिहींत फरक नाही.

जीवरक्षक जाकिटांच्या बाबतीत आपल्याकडे मोठी उदासीनता आहे. जाकीट होडीत असणे निराळे आणि अंगावर असणे निराळे. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेल्या मुलांची होडी उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. होडीत क्षमतेहून पुष्कळ जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जाकिटे नव्हती. जाकीट घातल्यावर त्याचे सर्व पट्टे आवळावे, मग खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते त्या माणसाच्या मापाचे नाही. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते एकटेच वर येते आणि मूल त्यातून निसटते. वाऱ्याने फुगवलेली टायरची ट्यूब ही जाकिटाची जागा घेऊ शकत नाही. जाकिटे मिळत नसतील तर त्या दिवशी होडीत बसू नये, काठावर बसून उकडहंडी खावी आणि घोलवडचे चिकू सोलावे. एवढ्याने दिवस वाया जात नाही.

वेळ आणि ऋतू यांचा विचार कोकणपट्टीत तरी वाऱ्यावरून करावा लागतो. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दिवस तापला की समुद्राकडून खारे वारे सुटतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण सहलीचा बेत करताना ते कोणाला आठवत नाही. या दोहोंच्या मधली, सकाळी आठ ते साडेदहा-अकराची वेळ सहसा सर्वांत शांत. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला वल्हवत जावे, म्हणजे परतताना दमलेल्या हातांना वाऱ्याची साथ मिळते. आम्ही नेमके उलट केले होते. छत्री होडीत उघडूच नये, डोक्याला टोपी किंवा पदर पुरे. आणि वारा अकस्मात सुटून आभाळ भरून आले तर मध्यभागी थांबून अंदाज बांधत बसू नये, सर्वांत जवळचा काठ गाठावा, मग आपली गाडी दुसऱ्या काठाला का असेना. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी होडी अशाच सुसाट वाऱ्यात उलटली आणि सहा जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती. पावसाळ्यासंबंधी तर वेगळे सांगण्याचीही गरज नसावी. १ जून ते ३१ जुलै या काळात सातपाटी, मुरबे, डहाणूच्या यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि समुद्रावर पोट असलेला माणूससुद्धा होडी किनाऱ्यावर ओढून घेतो. त्याच महिन्यांत आपण मात्र तुडुंब भरलेल्या धरणांवर गर्दी करतो, आणि प्रशासनाचा मनाई हुकूम निघाला तर त्यालाच दूषणे देतो. सांडव्याच्या आणि दरवाजांच्या जवळपास तर कोणत्याच ऋतूत होडी नेऊ नये.

वल्हवताना दिशा सांगायची ती डावे-उजवे म्हणून सांगू नये. वल्हे मारणाऱ्याची पाठ बहुधा नाळेकडे असते, त्यामुळे पुढे बसलेल्याचे डावे ते त्याचे उजवे. "पिंपळाकडे घे", "देवळाकडे घे", "भिंतीकडे घे" असे काठावरच्या खुणांवरून सांगावे, आणि सांगणारा एकटा तांडेल असावा. साड्या घोट्याच्या वर खोचून घ्याव्यात, जड दागिने घरी ठेवावे, पायांत बांधलेले बूट नसावेत. पाण्यात पायांभोवती गुंडाळलेले वस्त्र पोहणाऱ्यालाही जखडून टाकते. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एक तांडेलाच्या खिशात व एक काठावरच्या माणसाकडे असू द्यावा. जेवण मात्र पाण्यावर करू नये. पाच लिटरचे रिकामे तेलाचे दोन-तीन कॅन, झाकणे घट्ट लावून आणि दोरी बांधून, होडीत अवश्य ठेवावे. प्रत्येक कॅन जवळजवळ पाच किलोचा भार तोलून धरतो आणि पडलेल्या माणसाकडे तो फेकता येतो.

इतके करूनही होडी उलटली तर? लाकडी होडी उलटली तरी बहुधा तरंगते, तेव्हा तिला धरून राहावे. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघू नये. पाण्यावरून अंतर नेहमी कमी भासते, आणि गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा थोडे कमी तरंगते हेही ध्यानात असावे. तांडेलाने मोठ्याने एकेकाचे नाव घ्यावे व प्रत्येकाने ओ द्यावी. काठावरच्या माणसाने आधी ११२ वर फोन करावा आणि मग बांबू, दोर, कॅन, काहीच नसेल तर साडी पुढे करावी. सहावारी साडी साडेपाच मीटर लांब असते आणि पीळ देऊन फेकली तर उत्तम दोराचे काम करते. पोहता न येणाऱ्याने मायेपोटी पाण्यात उडी घेऊ नये. एकाला वाचवायला गेलेली दोन-तीन माणसे त्याच्यासोबत गेल्याच्या घटना आपल्या जिल्ह्यात दरवर्षी कानी येतात, आणि ती माणसे जवळजवळ नेहमी एकाच घरची असतात.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे धरून फिरवणे, पालथे घालून पोट दाबणे, हे जे प्रकार गावोगाव चालतात ते तत्काळ थांबवावे. त्यांनी मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. त्याला उताणे निजवावे, हनुवटी वर करून नाक दाबून तोंडाने श्वास द्यावा, आणि मग छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाबावे. तीस वेळा दाबणे व दोन श्वास हा क्रम १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावा. लहान मुलाची छाती बेताने, तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी दाबावी. शुद्धीवर आलेला माणूस "मी बरा आहे" म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो. हे सारे लेखात वाचून येणारे नव्हे. पूर्वतयारी म्हणून घरातल्या निदान दोघांनी ते प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

त्या रविवारनंतर आम्ही पुन्हा दोनदा त्याच तलावावर गेलो. दोन्ही वेळा तांडेल म्हणून माझी पुतणी होती, फेऱ्या दोन झाल्या, आणि आत्या मध्यभागी चटईवर बसल्या. पहिल्या वेळी काका एकदा अर्धवट उठले, पुतणीने "काकाआजोबा, बसा" म्हटले, आणि ते बसले.

शेवटी एक विनंती होड्यांच्या मालकांना करायची आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला आहे, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली नौकासुरक्षेच्या मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या आहेत. पण गावतलावातल्या खाजगी होडीत रविवारी पाहुणे चढतात तेव्हा त्यांची रुजुवात करायला कोणी अंमलदार काठावर उभा नसतो. आपण तोंडी सांगितलेला आकडा आपली पाठ फिरताच विसरला जातो, हे आम्हीच करून दाखवले आहे. म्हणून ज्यांची होडी पालघर, विक्रमगड, डहाणू तालुक्यांतल्या कोणत्याही तलावात असेल त्यांनी या दिवाळीपूर्वी तिच्या दोन्ही कडांवर, आतून आणि बाहेरून, किती माणसांनी बसावे तो आकडा पांढऱ्या तेलरंगाने ठळक लिहावा. रंगाचा लहान डबा आणि अर्ध्या तासाचे काम आहे.